मातीच्या शहरात थोरले साडू

आमचे थोरले साडू ज्या गावाला जायचे, ते गाव त्यांनी तिथे पोचण्याआधीच संपवलेलं असायचं. प्रवास ही त्यांच्या लेखी बघण्याची गोष्ट नव्हतीच, ती पडताळून घेण्याची गोष्ट होती. महिनाभर आधी आलेखाच्या कागदावर त्या गावाचा नकाशा स्वतःच्या हाताने काढायचा, त्यावर लाल शाईने रस्ते, निळ्या शाईने पाण्याचे नळ आणि हिरव्या शाईने स्वच्छतागृहं दाखवायची, आणि तो कागद पाठ झाला की फायलीत लावून टाकायचा. प्रागला एका चौकात ते डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "आता डाव्या हाताला औषधाचं दुकान आणि त्याला लागून फोटोवाला." डोळे उघडल्यावर औषधाचं दुकान जागेवर होतं, पण फोटोवाल्याच्या जागी चपलांचं दुकान निघालं. त्यानंतर दिवसभर ते प्रागवर नाराज होते. नदी, पूल, किल्ला यांतलं काहीच त्या नाराजीला पुरं पडलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सन दोन हजारनंतर जर्मनीने संगणकवाल्यांना बोलावलं, त्या लाटेत ते बायको आणि मुलीसह पुण्याहून फ्रँकफर्टला आले. मी त्याच्या आधीपासून हायडेलबर्गला एका प्रयोगशाळेत होतो. मध्ये रेल्वेचा तासाभराचा रस्ता, त्यामुळे दर दुसऱ्या शनिवारी एक घर दुसऱ्या घरी जेवायला असे. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "धाकटे, चला," म्हणायचे. मी धाकटा साडू, म्हणून धाकटे. माझ्या प्रयोगशाळेतल्या जर्मन सहकाऱ्यांना कित्येक दिवस ते माझं आडनाव वाटत होतं.

जर्मनी त्यांना फार मानवली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत एकही गाडी नसताना लाल दिव्यापुढे उभं राहण्यात त्यांना जे समाधान मिळे, ते कुणाला देवळात मिळत नसेल. बाटल्यांचा कचरा ते पांढरी काच, हिरवी काच आणि तपकिरी काच असा वेगळा करत, आणि निळी बाटली आली की इमारतीच्या हाउसमाइस्टरला, म्हणजे देखभाल बघणाऱ्या माणसाला, दार ठोठावून सल्ला विचारत. 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, हा शब्द तर त्यांनी मराठीत असा मुरवला होता की ताई, म्हणजे माझी मेहुणी, आमटीत मीठ बरोबर आहे का विचारायची आणि हे भुरका मारून 'गेनाऊ' म्हणायचे. मात्र जर्मनीबाहेर पडले की ते सरळ मराठीत बोलत. पॅरिसला तिकीट विकणाऱ्या बाईंना त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "मावशी, चार मोठी आणि एक लहान." मी ओशाळून काही बोललो, तर म्हणाले, "त्यांना इंग्रजी कळत नाही, मला फ्रेंच येत नाही. मग निदान एकाला तरी कळेल असं बोलावं." बाईंनी चार मोठी आणि एक लहान तिकिटं दिली होती.

खाण्याची सोय सोबत असल्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नसत. मूळचे बार्शीकडचे असल्यामुळे ही सोय म्हणजे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. एकदा फ्रँकफर्टच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या धिप्पाड माणसाने भाकऱ्यांचा गठ्ठा बाहेर काढला, एक भाकरी बोटाने वाजवून पाहिली आणि हे नेमकं काय आहे, असं विचारलं. साडू म्हणाले, "ब्रोट." पाव. पावाच्या बाबतीत जर्मन माणूस कुणाची थट्टा सहन करत नाही. त्याने संशयाने कोपरा मोडला, चावला, बराच वेळ चावला, आणि शेवटी मान हलवून गठ्ठा परत केला. साडूंनी वर चटणीची पुडी पुढे केली, ती मात्र त्याने नाकारली.

आणखी एक सवय होती, आणि तिचं आम्हाला कधी कोडं उलगडलं नव्हतं. कुठल्याही घरात शिरलं की साडू आधी भिंतीला हात लावायचे. नुसता लावायचे नाहीत, तळहात सपाट ठेवून क्षणभर थांबायचे, मग बोटाच्या पेराने वाजवायचे. मी हायडेलबर्गमध्ये नवी जागा घेतली तेव्हा घरमालकासमोर त्यांनी चारही खोल्या वाजवल्या आणि मला मराठीत म्हणाले, "धाकटे, हे घर नाही, हे खोकं आहे." घरमालकाने भाषांतर विचारलं, तेव्हा जागा फार आवडली असं मी सांगितलं. हायडेलबर्गच्या किल्ल्यात सगळे खालची नदी बघत होते आणि हे दगडांच्या सांध्यात नख घालून चुना चाचपत होते. कुणी विचारलं की, "वडील बांधकामात होते," एवढं म्हणून विषय दुसरीकडे नेत. आमच्या सासरी सगळ्यांचा समज असा की वडील सरकारी बांधकाम खात्यात असावेत. सासऱ्यांनी लग्नाच्या वेळी ओव्हरसीअर असं गृहीत धरलं होतं, आणि पुढे काही वर्षांनी कुणीतरी त्यांना बढतीही दिली होती.

पेरूला जाण्याचा घाट त्यांनी घातला तो दातांच्या डॉक्टरांकडे. तिथे वाट पाहताना एका मासिकात त्यांना समुद्रकाठच्या एका शहराचे फोटो दिसले. शहराचं नाव त्रुहियो. त्याच्या शेजारी, अगदी समुद्राला लागून, चान चान नावाचं शेकडो वर्षांपूर्वीचं ओसाड नगर होतं, आणि ते सगळंच्या सगळं मातीचं. दात काढून घेऊन, गाल सुजलेला, अशा अवस्थेत साडू ते मासिक मागून घेऊन घरी आले. ताईचं मन व्हेनिसवर होतं. माझ्या बायकोचं म्हणणं, एवढं समुद्रापार जायचंच तर जग जिथे जातं त्या माचू पिक्चूला जाऊ. साडूंनी सुजलेल्या गालाने तिला सांगितलं, "दगडाचं काय, दगड कुठेही टिकतो." त्यांनी हट्ट केलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. एरवी ते जागा निवडायचं काम ताईवर सोडत आणि नकाशाचं स्वतःकडे ठेवत. सहा महिने व्हिसाचे कागद, तीन रंगांच्या शाया आणि फाईल एवढं चाललं, आणि एका सुट्टीत आम्ही पाच जण, म्हणजे ते दोघं, त्यांची नऊ वर्षांची लेक आणि आम्ही दोघं, माद्रिद आणि लिमामार्गे त्रुहियोला पोचलो.

त्रुहियोने त्यांची फाईल पहिल्याच दिवशी रद्द केली. ठरवलेलं हॉटेल दुरुस्तीसाठी बंद होतं, दारात वाळूचा ढीग होता. टॅक्सीवाल्याने आम्हाला दुसऱ्याच गल्लीत आपल्या ओळखीच्या बाईंच्या घरी नेऊन सोडलं. आलेखाच्या कागदावर ती गल्लीच नव्हती. ताई आता काय होणार म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत होती, पण साडूंनी दाराशेजारच्या भिंतीला तळहात लावला, थांबले, आणि म्हणाले, "आत माती आहे. चला." ते घर बाहेरून पिवळंधमक, खिडक्यांना पांढऱ्या जाळ्या. तिथल्या सगळ्या चौकातच कुणीतरी रंगपेटी उघडून बसल्यासारखं वाटे, एक घर निळं, एक तांबडं, एक मोहरीच्या रंगाचं. साडू मात्र गिलावा जिथे उडाला असेल तेवढ्याच जागा बघत हिंडत होते. दुसऱ्या दिवशी जवळच्या वान्चाको नावाच्या कोळ्यांच्या गावी गेलो. तिथले कोळी लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून केलेल्या अरुंद होड्यांवर, घोड्यावर बसावं तसे पाय सोडून बसतात आणि थेट लाटांवर जातात. ताई व्हेनिस विसरली ती तिथे. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून ती दोन तास त्या होड्या बघत होती.

तिसऱ्या दिवशी चान चान. मोठ्या रस्त्यावर बसने सोडलं आणि तिथून धुळीतून बरंच चालावं लागलं. दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, काही ढिगांच्या मधूनच भिंतीचा आकार उठलेला, आणि मागे समुद्राचा आवाज. एका राजवाड्याचा भाग दुरुस्त करून लोकांना दाखवायला ठेवला होता. तिथल्या भिंती माणसाच्या कितीतरी पट उंच, आणि त्यांवर मातीतच कोरलेले मासे, पक्षी, जाळ्यांची नक्षी. वाट दाखवणाऱ्या बाई इंग्रजीत सांगत होत्या की इथे पाऊस जवळजवळ नसतोच, म्हणून हे उभं आहे. पण काही वर्षांनी एखादा मोठा पाऊस येतो आणि भिंती विरघळायला लागतात. मी साडूंकडे पाहिलं. अशा ठिकाणी माहिती सांगणाऱ्याला दुरुस्त करण्याचं काम त्यांचं. पण फाईल काखेत तशीच होती. एका भिंतीपाशी त्यांनी हात उचलला, पाटीवर हात लावू नये असं लिहिलं होतं ते वाचलं, आणि हात खाली घेतला. लाल दिव्याला थांबणारा माणूस तो.

पुढच्या चौकात गेलो तेव्हा साडू आमच्यात नव्हते.

आधी वाटलं, मागे रेंगाळले असतील. दहा मिनिटं गेली. मग बाईंनी सांगितलं की बाकीचं नगर फार पसरलेलं आहे, एकट्याने आडवाटेने जाऊ नये, आणि ताईचा चेहरा उतरला. पाचही जणांचे पासपोर्ट आणि तिकिटं त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात होती, पण ताईला त्याची आठवण नव्हती. ती म्हणत होती की त्यांना ऊन सोसत नाही. त्या भुलभुलैयात सगळ्या भिंती सारख्या, एका दारातून बाहेर पडावं तर पुन्हा तसाच चौक. माझी बायको प्रवेशाच्या दाराशी थांबली, मी आणि ताई मुलीला घेऊन शोधत सुटलो. तासभर झाला असेल. मी मनातल्या मनात पोलिसांना स्पॅनिशमध्ये काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात मुलगी थांबली आणि जर्मनमध्ये म्हणाली की पापा बोलतोय. भिंतीपलीकडून खरंच मराठी ऐकू येत होती. "पाणी बास. आता काड टाका. अहो, बास पाणी."

दुरुस्तीचं काम जिथे चाललं होतं ती जागा दोरी बांधून बंद केलेली होती. दोरीच्या आत एका खड्ड्यात गुडघ्यापर्यंत पँट दुमडून साडू चिखल तुडवत होते. काठावर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा गवंडी आणि गवताच्या काडाचा भारा घेतलेला त्याचा मदतनीस उभे होते. म्हातारा बादली हातात धरून 'सी, सी' म्हणत होता, म्हणजे हो, हो. त्यांना आत कुणी घेतलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. साडूंचे पाय विशिष्ट लयीत पडत होते, टाच आधी, मग अंग वळवून दुसरा पाय, आणि खड्ड्याच्या कडेकडेने गोल. ते काही आज शिकलेले पाय नव्हते.

ताई रागवायला म्हणून पुढे झाली होती, ती दोरीपाशीच थांबली. मुलीने जर्मनमध्ये विचारलं की तू हे काय करतोयस. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर नेहमी जर्मनमध्ये. साडू थांबले. त्यांनी आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग मुलीला सांगितलं, "गारा तुडवतोय. भिंतीची माती. तुझे आजोबा हे काम करायचे. ते गवंडी होते. आमच्याकडची अर्धी घरं त्यांनी बांधली, अशीच, मातीची."

"एश्ट?" मुलगी म्हणाली. खरंच?

"खरंच. आणि मी तुझ्याएवढा होतो तेव्हा त्यांचा गारा तुडवायचो."

तिने सँडल काढले आणि म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने बादली खाली ठेवून तिचा हात धरला आणि तिला खड्ड्यात उतरवलं.

नंतर सावलीत बसल्यावर पायांवरचा चिखल खरवडत साडू माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं ते आधी किंवा नंतर कधी बोलले नाहीत. वडिलांना ते अण्णा म्हणत. दर वर्षी पावसाळ्याआधी अण्णा घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचे, आणि गारा तुडवायला मुलगा हवा असायचा. इंजिनीअरिंगला पुण्याला गेल्यावर मुलगा पहिली दोन वर्षं मे महिन्यात गेला, मग परीक्षा निघाल्या, मग नोकरी. पुण्यातल्या मित्रांत कुणी विचारलं की "बांधकामात आहेत" हे तोंडातून निघालं ते निघालंच. जर्मनीला आल्यावर पहिलं काय केलं तर गावाकडचं ते घर पाडून स्लॅबचं घर बांधून दिलं. अण्णा स्लॅबखाली एक रात्र झोपले आणि दुसऱ्या दिवसापासून अंथरूण गोठ्यात नेलं. तिथे गार वाटतं म्हणाले. दोन वर्षांनी गेले, ते गोठ्यातच. "त्यांनी बांधलेलं घर मी त्यांच्या देखत पाडलं, धाकटे," साडू म्हणाले. "आणि मला वाटत होतं, मी त्यांना काहीतरी देतोय."

परतताना त्या धुळीच्या वाटेवर मी मुलीचा हात धरून पुढे चाललो होतो, ते दोघं मागे. ताईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मला लग्न ठरल्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "मामंजींनीच सांगितलं होतं. मी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला घराची एकेक भिंत हात लावून दाखवली होती. कुठली कोणत्या वर्षी घातली ते सांगितलं होतं."

साडू म्हणाले, "मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही बांधकामात म्हणायचात. मला वाटलं, तुम्हाला तेच बरं वाटतं."

पुढच्या दिवशी जवळचं एक जुनं देऊळ बघायचं ठरलं होतं. साडू म्हणाले, तुम्ही बघून या. ते मुलीला घेऊन पुन्हा चान चानला गेले. फाईल टेबलावरच राहिली होती.

पुढे काही वर्षांनी कंपनीने फ्रँकफर्टचं काम पुण्याला हलवलं आणि त्याबरोबर साडूही गेले. शनिवार मोकळे पडले. हायडेलबर्गच्या आमच्या त्या खोक्यासारख्या घरात ताईच्या आमटीची आठवण काढत आम्ही दोघं जेवत असू. एका मे महिन्यात सुट्टीवर भारतात गेलो तेव्हा साडू म्हणाले, "धाकटे, आमचं गाव बघायला चला." एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला त्यांनी तिथे नेलं नव्हतं. साडू आणि मी, दोघेच गेलो. ना नकाशा, ना कागद. स्लॅबचं घर कुलूप लावलेलं होतं, ओट्यावर शेजाऱ्यांची ज्वारी वाळत घातली होती. गोठा पडून गेला होता.

शेजारच्या अंगणात एक म्हातारी पांढऱ्या मातीचा ढीग उकरत होती. तिचं माळवद अजून होतं. तिने डोळ्यांवर हात धरून साडूंकडे पाहिलं. "तू त्या गवंड्याचा पोरगा न्हवं?"

"होय, मावशी. गवंड्याचाच."

मग तिने त्यांच्या वडिलांच्या कितीतरी आठवणी काढल्या, साडू ऐकत उभे होते. शेवटी ती म्हणाली, तुझा बाप असता तर माझं छप्पर गळलं नसतं, आता तू आलाच हायेस तर तेवढा थर देऊन जा. साडू शिडीवरून वर गेले. वर बराच वेळ लागला. उतरून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"मला येत नाही, मावशी," ते म्हणाले. "मी नुसता तुडवायचो. घालायचं शिकायच्या आधीच गेलो."

म्हातारीला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. "मग तुडव की," ती म्हणाली. "घालायला माझी सून हाय."

साडूंनी बूट काढून माझ्या हातात दिले, मग घड्याळ दिलं. पँट दुमडली आणि गाऱ्यात उतरले. पाय तसेच पडत होते, टाच आधी, मग अंग वळवून. पण पाऊण तासात दम लागला, आणि म्हातारीच्या सुनेने पुरे म्हटलं. ते येऊन कुलूपबंद घराच्या ओट्यावर, ज्वारी जराशी सारून बसले. मी नळावरून तांब्या भरून आणला.

"पाय धुऊन घ्या," मी म्हणालो. "जायचंय आपल्याला."

त्यांनी तांब्या घेतला, दोन घोट पाणी प्यायले आणि तो बाजूला ठेवला. पलीकडे सून टोपली डोक्यावर घेऊन शिडी चढत होती, तिच्याकडे ते बघत होते.

"राहू द्या जरा," ते म्हणाले. "वाळू दे."